आत्या, बाबांचा पाय आणि जुना कॉम्प्युटर

माझ्या आत्याच्या पायाला भिंगरी आहे असं सगळे म्हणतात, पण ते अर्धंच खरं. भिंगरी तिच्या हातांनाही आहे. ती कुणाकडे पाहुणी म्हणून गेली, की पाणी पिऊन होईपर्यंत त्या घरातल्या कुरकुरणाऱ्या दाराला तेल पडलेलं असतं आणि निघेपर्यंत डुगडुगणाऱ्या स्टुलाखाली पुठ्ठ्याची घडी गेलेली असते. ती जिथे नोकरीला होती त्या वर्कशॉपमध्ये तिला 'वावटळ' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

त्या वर्कशॉपमध्ये पाय बनत. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिथे प्लास्टरची पांढरी धूळ कायम तरंगत असायची आणि भिंतीला टेकून अर्धेमुर्धे कृत्रिम पाय उभे असायचे. आत्या तिथे प्लास्टर कालवायला म्हणून लागली आणि शिकत शिकत पाय घडवणारी झाली. कृत्रिम पायातली खरी मेख असते सॉकेट. माणसाचा उरलेला पाय ज्या पोकळीत बसतो, ते सॉकेट. ते जमलं तर माणूस चालतो, नाही जमलं तर पाय दाराआड पडून राहतो.

मी शाळेत होते तेव्हा बाबांना अपघात झाला. बाबा पोस्टमन. एका गल्लीत मागे येणाऱ्या ट्रकने त्यांना भिंतीशी दाबलं आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. आत्या बाबांपेक्षा मोठी, आणि लहानपणापासून त्यांच्यावर तिची भारी दादागिरी. हॉस्पिटलात ती रडली नाही. बाबांच्या उशाशी उभी राहून म्हणाली, "तुझा पाय मी करणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

नेमका त्याच सुमारास वर्कशॉपला पहिला कॉम्प्युटर आला होता. मातकट पांढऱ्या रंगाचं ते धूड, सोबत पोटाचा घेर वाढलेला मॉनिटर आणि शेजारी कोरीवकामाचं मशीन. प्लास्टरचा साचा फिरत्या तबकडीवर ठेवायचा, एक बारीक काटा त्याला बाहेरून शिवत शिवत वर चढायचा आणि स्क्रीनवर पायाचा आकार एकेका रेषेने उभा राहायचा. मग तोच आकार मशीन कोरून द्यायचं आणि त्यावर सॉकेट बेतायचं. बाकीचे त्या यंत्राला बिचकून होते. आत्या पहिल्याच आठवड्यात त्याचं झाकण उघडून आत डोकावली.

बाबांचा पाय हा तिने त्या मशीनवर केलेला पहिला पाय. तो असा काही बसला की बाबा पुन्हा पिशवी खांद्याला लावून टपाल वाटायला लागले. पुढे सॉकेट झिजलं, तडकलं, की आत्या तोच आकार पुन्हा कोरायची, थोडं इकडेतिकडे करायची आणि बाबा चालू लागायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी पायीच टपाल वाटलं. निवृत्तीनंतरही सकाळी एक मोठा फेरा आणि संध्याकाळी एक. बहीण-भाऊ दोघेही त्याच मातीचे.

मग वय उलटूनही मिळालेली मुदतवाढ संपली आणि आत्याही निवृत्त झाली. वर्कशॉपमध्ये नवी यंत्रणा आली. आता प्लास्टर नको, काटा नको, हातात धरायचा कॅमेरा पायाभोवती फिरवला की काम झालं. जुना कॉम्प्युटर सामानाच्या खोलीत गेला. आणि बाबांचं सॉकेट तडकलं.

नवा पाय दिसायला देखणा होता. वर्कशॉपच्या नव्या प्रमुखबाईंनी तो मन लावून केला होता. त्या आत्याच्याच हाताखाली शिकलेल्या, शांत, कधी आवाज न चढवणाऱ्या. पण पाय घालून बाबा दोन पावलं टाकत आणि कळवळून खाली बसत.

"कुठे दुखतंय नेमकं?" प्रमुखबाई विचारायच्या.

"अंगठ्यात," बाबा ओशाळून सांगायचे.

डावा अंगठा तर अपघातातच गेलेला. नसलेला अंगठा दुखतो हे त्या वर्कशॉपला नवीन नव्हतं. अडचण वेगळीच होती. दुखणं नसलेल्या जागी होतं, त्यामुळे असलेल्या पायात चूक कुठे आहे ते बाबांना बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. प्रमुखबाईंनी सॉकेट इथे सैल केलं, तिथे घासलं, पुन्हा नवं केलं, परत नवं केलं. अंगठा काही गप्प बसेना.

बाबा खुर्चीत बसून राहू लागले. खिडकीतून रस्ता बघायचे. पेपर उघडायचे, मिटायचे. आईने भाजी निवडायला घेतली तर तिच्या हातातून जुडी ओढून घ्यायचे आणि दोन काड्या निवडून बाजूला ठेवायचे. चालणारा माणूस बसला की घरातली हवासुद्धा अडल्यासारखी होते. आईचा आणि माझा जीव मेटाकुटीला आला. आणि आत्या? ती रोज येऊ लागली. बाबा बसलेले, ती त्यांच्याभोवती येरझाऱ्या घालतेय, असा देखावा.

"ताई, तू तरी बस गं," बाबा वैतागायचे. "तुझ्याकडे बघून मला जास्त दुखतं."

एका सकाळी ती आली ती रिक्षा घेऊनच. रिक्षात तो जुना कॉम्प्युटर आणि त्याचं सगळं लटांबर.

"भंगारात चालला होता," ती धापा टाकत म्हणाली. "मी म्हटलं, मला द्या. तुझा जुना आकार यात आहे. ज्या आकारावर तू इतकी वर्षं चाललास, तोच पुन्हा काढू."

"आणि हा ठेवायचा कुठे?" आईने विचारलं.

तोवर आत्याने जेवणाच्या टेबलावरून डबे उचलायला सुरुवात केली होती.

"वन्सं, जेवायचं कुठे आम्ही?"

"मांडीवर ताट घ्या. चार दिवसांचा तर प्रश्न."

मी तिला झाकण उघडायला मदत केली. आत धुळीची चादर पसरलेली. एक चपटी, राखाडी, पट्टीसारखी केबल मुख्य बोर्डापासून आतल्या डिस्कपर्यंत गेली होती. ही आतली डिस्क अगदी छोट्या क्षमतेची. त्या काळी ती लगेच भरायची, म्हणून वर्कशॉपने बाहेरून जोडायची दुसरी डिस्क घेतली होती. विटेएवढी लोखंडी पेटी, तिला स्वतःचा पंखा, स्वतःचं बटण आणि मनगटासारखी जाड केबल. कॉम्प्युटर सुरू व्हायचा आतल्या डिस्कवरून, पण पायांचे आकार सगळे बाहेरच्या पेटीत.

आत्याने नुसता कॉम्प्युटर लावला. तो खरखरला, कण्हला आणि सुरू झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग तिने तो बंद केला, पेटी जोडली, दोन्ही बाजूंच्या तारेच्या कड्या दाबून बसवल्या आणि पुन्हा बटण दाबलं.

काही नाही. करडा स्क्रीन आणि मधोमध एक प्रश्नचिन्ह.

पेटी काढली की कॉम्प्युटर सुरू. पेटी जोडली की प्रश्नचिन्ह. तिने केबल उलगडून पाहिली, पिना पुसल्या, एक वाकडी होती ती सुईने सरळ केली. पुन्हा तेच. ती उठली, बाल्कनीत गेली, परत आली, आमच्या नळाची गळकी चकती बदलली, परत टेबलापाशी आली. बाबा खुर्ची सरकवत सरकवत जवळ आले होते आणि हातात बॅटरी धरून आत उजेड पाडत होते.

"उजेड इकडे पाड ना! मी हात घालतेय तिकडे तुझा उजेड कधीच नसतो."

"तू हात एका जागी ठेवलास तर उजेड पडेल ना!"

"बंद कर मग. मला अंधारात जमतं."

"जमतंय ते दिसतंच आहे."

जेवणं मांडीवर झाली. दुसऱ्या दिवशीही मांडीवर. आत्या घास तोंडाकडे नेता नेता थांबायची आणि टेबलाकडे बघायची. तिला झोप लागत नसावी. डोळ्यांखाली काळं धरलं होतं, बोलणं तुटक झालं होतं. मी म्हटलं, "आत्या, एक दिवस राहू दे." ती म्हणाली, "राहू दिलं की गंज चढतो."

तिसऱ्या दिवशी ती पेटी उलटी करून पुसत होती. पुसता पुसता थबकली. मागच्या बाजूला एक इवलंसं चाक होतं, त्यावर आकडे कोरलेले.

"अगं बाई!" ती म्हणाली. "नंबर!"

मग ती आम्हा सगळ्यांना समजावत बसली, म्हणजे उभी राहूनच. एकाच तारेवर दोन डिस्क असल्या तर प्रत्येकीचा नंबर वेगळा हवा. कॉम्प्युटर नंबराने हाक मारतो. आतली डिस्क शून्य नंबरची. सामानाच्या खोलीत ढकलाढकलीत पेटीचं चाक फिरलं होतं आणि तिचाही नंबर शून्य झाला होता. कॉम्प्युटर 'शून्य' म्हणून हाक मारायचा आणि दोघी एकदम ओ द्यायच्या.

"म्हणजे आपल्या घरासारखं," आई म्हणाली. "एकाला विचारावं आणि दोघांनी ओरडावं."

आत्याने चाक फिरवून तीनवर आणलं. आधी पेटी सुरू केली, तिची घरघर एका सुरात येईपर्यंत थांबली. तिचं ते थांबणं बघवत नव्हतं. सगळं अंग जणू पळत होतं आणि पाय तेवढे जागेवर. मग कॉम्प्युटर. तो सुरू झाला. आणि आतल्या डिस्कच्या चित्राखाली दुसरं चित्र उमटलं.

बाबांनी बॅटरी विझवली. आत्याने त्या चित्रावर क्लिक केलं आणि ते नाहीसं झालं. कॉम्प्युटर गोठला.

पुन्हा सुरू केला. पुन्हा चित्र आलं, पुन्हा गेलं. कधी नावांची यादी अर्धी दिसायची आणि अक्षरांचा चिखल व्हायचा. हे प्रश्नचिन्हापेक्षा वाईट होतं. आता ती डिस्क जिवंत आहे हे कळलं होतं, आणि दर वेळी सुरू करताना ती कायमची जाईल की काय या धास्तीने आत्या बटण दाबण्याआधी केबलच्या कड्या पुन्हा पुन्हा दाबून बघायची.

तिने वर्कशॉपमध्ये प्रमुखबाईंना फोन लावला. "अगं, त्या पेटीच्या मागे एक ठोकळा असायचा बघ. अंगठ्याएवढा. दुसऱ्या भोकात खोचलेला. टर्मिनेटर. तो नसला तर तारेतून गेलेली हाक टोकावरून उलटी फिरते आणि गोंधळ होतो. सामानाच्या खोलीत पडलाय का बघशील?"

संध्याकाळी प्रमुखबाई स्वतः आल्या. ओढणीला जळमटं लागलेली, नाकावर धूळ. पर्समधून त्यांनी तो ठोकळा काढून टेबलावर ठेवला.

"तीन कपाटं उपसली, बाई. मग कळलं, कुणीतरी खिडकीच्या फटीत पाचर म्हणून घातला होता."

मला वाटलं होतं या दोघींमध्ये अढी असेल. एकीच्या कामावर दुसरीने अविश्वास दाखवल्यासारखंच होतं ना ते. पण प्रमुखबाई खुर्ची ओढून बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "बाई, एक सांगते, राग मानू नका. आकार मिळाला तरी तो जुना आहे. पाय इतक्या वर्षांत बारीक होतो. तुम्हीच शिकवलंत."

"माहितेय मला," आत्या तुटकपणे म्हणाली आणि ठोकळा खोचला.

या वेळी चित्र आलं आणि राहिलं. क्लिक केल्यावर यादी उलगडली. शेकडो नावं. आत्या वरपासून वाचू लागली आणि तिच्या आवाजातली घाई हळूहळू उतरली. "हे ते बसचालक. हे मास्तर, दोन्ही पाय. ही मुलगी... हिला दर वर्षी नवा पाय लागायचा, वाढतं वय. आता मोठी झाली असेल गं." "मागच्याच महिन्यात येऊन गेली," प्रमुखबाई म्हणाल्या. "कडेवर बाळ होतं."

बाबांचं नाव सापडलं. तेवढ्यात पेटीतून आवाज आला. टक्. मग जरा थांबून, टक् टक्.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. डिस्क शेवटच्या घटका मोजतेय हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"आधी यांचा घ्या," प्रमुखबाई म्हणाल्या.

आत्याने फ्लॉपी खुपसली. लहानशी फाइल, पण फ्लॉपीचा दिवा लुकलुकत राहिला, राहिला, आणि एकदाचा विझला. आलं. मग तिने बाकीचे आकार आतल्या डिस्कवर ओढायला सुरुवात केली, मावतील तेवढे. ती पेटीवर तळहात ठेवून उभी होती, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. टक् टक् वाढत गेलं. शेवटी एक किरकिर, आणि पेटीतला फिरण्याचा आवाज खाली खाली जात बंद पडला. थोडे राहून गेले. ती पेटी पुन्हा कधी फिरली नाही.

वर्कशॉपमध्ये नव्या कॉम्प्युटरला फ्लॉपीची जागाच नव्हती. प्रमुखबाईंनी कुठूनतरी बाहेरून जोडायचं फ्लॉपीचं यंत्र मिळवलं. नव्या प्रोग्रॅमला जुनी फाइल सहज पचेना. पण आत बघितलं तर नुसते आकडे होते, पायाच्या प्रत्येक आडव्या कापाचा घेर सांगणारे. प्रमुखबाईंनी दुपारभर खटपट करून ते आत घेतले. मशीनने आकार कोरला. त्यावर सॉकेट झालं.

आम्ही सगळे गेलो होतो. बाबांनी पाय चढवला, चालून बघायला लावलेल्या समांतर दांड्यांना धरून उभे राहिले. आणि सॉकेट गर्रकन फिरलं. ढगळ. लहान मुलाने बापाचा बूट घालावा तसं. दोन मोजे घातले, तीन घातले, तरी पाय आत हिंदकळत होता.

आत्या दाराकडे गेली, तिथून खिडकीकडे, तिथून पुन्हा दाराकडे. "मला माहीत होतं," ती स्वतःशीच बडबडत होती. "कुठलाही नवशिका सांगेल. माहीत असून मी सगळ्यांना नाचवलं. तुला आशा लावली. अक्कल गहाण टाकली होती मी." ती बाहेर व्हरांड्यात निघून गेली. तिला इतकं खचलेलं मी बाबांच्या अपघातातही पाहिलं नव्हतं.

बाबा मात्र दांड्या धरून तसेच उभे होते. त्यांनी एक पाऊल टाकलं. पाय लटपटला. दुसरं टाकलं. चेहऱ्यावर भलतेच भाव होते, काहीतरी ऐकू येतंय का म्हणून कान देतात तसे.

"ताईला बोलाव," ते मला म्हणाले.

आत्या आली तशी दारातच थांबली.

"ढगळ आहे," बाबा म्हणाले. "पडेन मी याने. पण ताई, अंगठा गप्प आहे."

मग दोघी बायका एकदमच कॉम्प्युटरकडे धावल्या. प्रमुखबाईंनी जुना आकार स्क्रीनवर आणला, त्यावर नवा, बारीक झालेल्या पायाचा. एक निळा, एक तांबडा. आकार फिरवत फिरवत त्या पायाच्या बाहेरच्या बाजूला आल्या आणि थांबल्या. जुन्या आकारावर, हाडाच्या टोकाच्या बऱ्याच वर, एक टेंगूळ होतं. कोरलेल्या आकारावर टेंगूळ म्हणजे सॉकेटमध्ये तेवढी पोकळी. नव्यात तिथे सपाट होतं.

"इथे कोण पोकळी ठेवतं?" प्रमुखबाई पुटपुटल्या. "मी ठेवली ती खाली, हाडाच्या टोकाशी. नेहमीच्या जागी."

आत्या स्क्रीनवर बोट टेकवून उभी होती. "मी," ती हळू म्हणाली. "पहिल्या वेळी हा असाच ओरडत होता, अंगठा, अंगठा. मी चाचपत गेले. इथे दाबलं आणि हा टेबलावरून उडालाच. तुटलेल्या नसेचं टोक आहे तिथे. मी प्लास्टरचा गोळा घेऊन अंगठ्याने दाबून लावला आणि साचा पुन्हा काट्याखाली ठेवला. नंतर दर वेळी तोच आकार काढत गेले आणि... विसरले गं. साफ विसरले."

प्रमुखबाईंनी बाबांच्या पायावर त्याच जागी हलकेच बोट दाबलं. बाबांनी जी आरोळी ठोकली ती हॉस्पिटलच्या पुढच्या दारापर्यंत गेली असेल.

"सापडलं," प्रमुखबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मग नवा आकार घेऊन त्यांनी त्यावर ते टेंगूळ चढवलं. आत्या शेजारी उभी राहून "जरा वर... किंचित मागे... बास" करत होती, आणि त्या तिच्या म्हणण्याप्रमाणे सरकवत होत्या, पण एकदा "नाही बाई, आता पाय बारीक आहे, इतकं नको" म्हणून थांबल्याही. आत्याने ते ऐकून घेतलं.

नवं सॉकेट बसलं. अगदी पूर्वीसारखं नाही. बाबा म्हणतात, थंडीत अंगठा अजून अधूनमधून कुरकुरतो. पण ते चालतात. प्रमुखबाईंनी जुन्या डिस्कवरून वाचलेले सगळे आकार नव्या यंत्रात घेतले, आणि त्यांत आणखी कुठे कुणाच्या अंगठ्याच्या खुणा आहेत ते शोधायला आत्याला आठवड्यातून दोनदा बोलावलं. ती रोज जाते.

पाय मिळाल्याच्या दुसऱ्या सकाळी बाबा बाहेर पडले. "कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो," म्हणाले. आत्या आमच्याकडेच होती. ती खिडकीत गेली, दारात आली, पुन्हा खिडकीत. बाबा कोपऱ्यावर पोचले आणि वळून दिसेनासे झाले.

"कोपऱ्यापर्यंत म्हणाला होता ना?" आत्या म्हणाली.

"येतील हो वन्सं," आई टेबलावर ताटं मांडत म्हणाली.

आत्याने चपला पायात सरकवल्या आणि निघाली. मी गॅलरीतून बघत होते. बराच वेळ गेला. मग रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला बाबा दिसले, सगळा जुना फेरा घालून येणारे, हात मोकळे सोडून. आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, झाडांआडून, त्यांच्याच चालीने आत्या.

बाबा मागे न बघता जोरात म्हणाले, "ताई, दिसतेयस तू मला!"

"मी माझ्या कामाला चाललेय!" पलीकडून आवाज आला, आणि दोघंही अजून भरभर चालू लागली.